झुकलेला वृक्ष

श्रीनगरच्या दल सरोवराच्या काठाने चालू लागले, म्हणजे पाण्याच्या कडेला एक वृक्ष पुन्हा पुन्हा दृष्टीस पडतो. त्याच्या जाड खोडाच्या माथ्यावरून फांद्या प्रथम थोड्या वर जातात, मग कमानीसारख्या वळतात आणि तेथून त्यांच्या बारीक काड्या सरळ जमिनीकडे लोंबू लागतात. काही काड्या तर इतक्या लांब असतात, की त्यांची टोके पाण्याला टेकतात. न्हालेल्या स्त्रीने केस मोकळे सोडून मान खाली घालावी, तसे हे झाड दुरून दिसते. वारा आला की सारा हिरवा पडदा एका बाजूला सरतो आणि वारा पडला की पुन्हा शांतपणे जागेवर येतो.

या झाडाकडे पाहून निरनिराळ्या देशांतील लोकांच्या मनात एकच भाव उमटलेला दिसतो. इंग्रजांनी त्याला 'वीपिंग विलो', म्हणजे अश्रू ढाळणारा विलो, असे नाव दिले. फारसी भाषेत त्याला 'बेद-ए-मजनून' म्हणतात. बेद म्हणजे विलो आणि मजनून म्हणजे लैलेच्या विरहाने वेडा होऊन रानोमाळ भटकणारा तो प्रेमी. आपल्या देशाच्या उत्तर भागातही हे झाड 'मजनू' याच नावाने ओळखले जाते. लोकांनी झाडाची झुकलेली मान पाहिली आणि ते दुःखी आहे, असे ठरवून टाकले.

परंतु झाड खरोखरच तसे आहे काय? की आपण त्याच्याकडे नीट पाहिलेलेच नाही? या पाठात आपण या वृक्षाची जवळून ओळख करून घेऊ.

विलोचे गोत

विलो हे एका झाडाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ या कुळाला 'सॅलिक्स' म्हणतात. त्यात सुमारे ४०० जाती असून त्यांतील बहुतेक पृथ्वीच्या उत्तरेकडील थंड प्रदेशांत वाढतात. काही विलो उंच वृक्ष होतात, काहींची नुसती झुडपे होतात आणि अतिथंड प्रदेशातील काही विलो तर जमिनीला बिलगून बोटा-दोन बोटांएवढेच वाढतात.

या गोतातील एकाची तुम्हांला चांगली ओळख आहे, पण ती झाड म्हणून नाही. क्रिकेटची बॅट विलोच्याच लाकडाची करतात. हे लाकूड हलके असते आणि चेंडूचा मार सहन करते. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यातील संगम या गावाच्या परिसरात अशा बॅटी बनवण्याचे अनेक कारखाने आहेत. काश्मीरची माणसे हिवाळ्यात उबेसाठी जी कांगडी जवळ बाळगतात, तिच्या मातीच्या भांड्याभोवतीची टोपलीही विलोच्या लवचीक काड्यांनी विणतात.

आपल्या महाराष्ट्रातही या गोतातील एक झाड आहे. सह्याद्रीतून वाहणाऱ्या ओढ्यानद्यांच्या काठी ते आपोआप उगवते. त्याचे नाव वाळुंज. त्याची भेट आपण पाठाच्या शेवटी घेणारच आहोत. तोपर्यंत आपल्या झुकलेल्या वृक्षाकडे वळू.

एका नावाची चूक

या वृक्षाचे शास्त्रीय नाव 'सॅलिक्स बॅबिलोनिका', म्हणजे बॅबिलोनचा विलो, असे आहे. बॅबिलोन हे आजच्या इराकमधील एक प्राचीन नगर. तेव्हा हे झाड मूळचे तेथलेच असेल, असे कोणालाही वाटेल. मौज अशी, की या झाडाचा बॅबिलोनशी मुळीच संबंध नाही! ते मूळचे चीनचे. रेशीम व इतर माल घेऊन व्यापाऱ्यांचे तांडे चीनहून पश्चिमेकडे जात, त्या मार्गानेच ते हळूहळू मध्य आशियात आणि पुढे पश्चिमेला पोहोचले, असे मानतात.

मग हे नाव आले कोठून? ते दिले कार्ल लिनीअस या थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची जी पद्धत आज साऱ्या जगात रूढ आहे, तिचा पाया त्याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातला गेला. लिनीअसच्या काळी युरोपातील घराघरांत बायबल वाचले जाई. बायबलमधील एका स्तोत्रात बॅबिलोनमध्ये बंदिवान झालेल्या लोकांची कहाणी आहे. मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ झालेले ते लोक नदीकाठी बसून रडतात आणि आपली वाद्ये तेथील झाडांवर टांगून ठेवतात. युरोपातील भाषांतरांत ती झाडे विलोची म्हटलेली होती. आता रडणारी माणसे, नदीचा काठ आणि मान खाली घातलेला विलो! या तिन्हींचा मेळ इतका सुरेख जमला, की बागेत वाढलेला हा विलो त्या स्तोत्रातीलच असला पाहिजे, असे लिनीअसला वाटले.

पुढे अभ्यासकांनी त्या प्रदेशातील झाडे तपासली, तेव्हा बॅबिलोनच्या नदीकाठचे ते झाड विलो नसून युफ्रेटिस नदीच्या खोऱ्यात वाढणारा एक पॉप्लर असावा, असे दिसून आले. या पॉप्लरच्या कोवळ्या फांद्यांवरील पाने विलोच्या पानांसारखी अरुंद असतात, तर मोठ्या फांद्यांवरील पाने रुंद असतात. म्हणून त्याला विलो समजण्याची चूक सहज होऊ शकते. पण चूक लक्षात आली, तरी नाव बदलले नाही. एखाद्या वनस्पतीला नियमाप्रमाणे पहिल्याने दिलेले नाव अर्थाने चुकीचे ठरले, तरी ते तसेच ठेवावे, असा शास्त्रज्ञांचा संकेत आहे. नाहीतर नावांचा गोंधळ कधीच संपला नसता.

ज्याने जगाला वनस्पतींची नावे ठेवायला शिकवले, त्याच्याही हातून अशी चूक झाली. म्हणून झाडाची ओळख त्याच्या नावावरून किंवा गोष्टीवरून करू नये. ती त्याच्या पानाफुलांवरून करावी.

ओळख कशी पटवावी?

नुसत्या लोंबत्या फांद्यांवरून विलो ओळखू गेलात, तर तुम्ही फसाल. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला लोंबत्या फांद्यांची दोन झाडे पुष्कळ दिसतात. एक म्हणजे ज्याला सर्वजण अशोक म्हणतात, तो खोटा अशोक. दुसरे म्हणजे बाटली धुण्याच्या ब्रशासारखी लाल फुले येणारे बॉटलब्रशचे झाड. या दोहोंपासून विलो वेगळा काढायचा, तर पाच गोष्टी क्रमाने पाहाव्या.

पहिली गोष्ट आकार. खोट्या अशोकाचे खोड बाणासारखे सरळ उंच जाते आणि फांद्या खोडाला चिकटून खाली येतात. त्यामुळे सारे झाड मिटलेल्या छत्रीसारखे दिसते. विलोचे झाड उघडलेल्या छत्रीसारखे असते. ते सुमारे १० ते १५ मीटर उंच वाढते आणि त्याचा विस्तारही जवळजवळ तेवढाच होतो.

दुसरी गोष्ट पान. विलोची पाने काडीवर एकाआड एक येतात. पान अरुंद, टोकाकडे निमुळते होत गेलेले, भाल्याच्या पात्यासारखे असते. त्याची लांबी साधारणपणे ८ ते १६ सेंटिमीटर भरते, पण रुंदी क्वचितच २ सेंटिमीटरपर्यंत जाते. पानाच्या कडेवरून बोट फिरवा. करवतीच्या पात्यासारखे अगदी बारीक दाते बोटाला जाणवतील. पानाची वरची बाजू हिरवी असते, तर खालची बाजू फिकट, करडी झाक असलेली असते. खोट्या अशोकाच्या पानाला दाते नसतात. त्याची कड लाटेसारखी खालीवर झालेली असते. बॉटलब्रशचे पान ताठ असते, त्याच्याही कडेला दाते नसतात आणि ते चुरगळले तर उग्र सुवास येतो. विलोच्या पानाला तसा सुवास येत नाही.

तिसरी गोष्ट काडी. विलोची काडी दोरीसारखी लवचीक असते. हळूच वाकवली तर ती मोडत नाही. चिनी विलोची काडी हिरवट किंवा तपकिरी रंगाची असते. युरोपातील बागांत मात्र आज बहुधा पिवळ्याधमक काड्यांचा विलो दिसतो. तो चिनी विलो आणि युरोपातील पांढरा विलो यांचा संकर आहे. तेव्हा काडीच्या रंगावरूनही बरेच काही कळते.

चौथी गोष्ट कळी, आणि ही सर्वांत महत्त्वाची खूण. हिवाळ्यात पाने गळून गेली, की काडीवर चिमुकल्या कळ्या उरतात. पुढल्या वर्षीची पाने त्यांच्यात झोपलेली असतात. बहुतेक झाडांच्या अशा कळ्यांवर कौलांप्रमाणे एकावर एक चढलेली अनेक खवल्यांची आवरणे असतात. पॉप्लरच्या कळीवरही ती असतात. विलोच्या कळीवर मात्र एकच आवरण असते. थंडीत कानटोपी डोक्यावरून खाली ओढून घ्यावी, तसे ते कळीला पुरते झाकून टाकते. पान नाही, फूल नाही, अशा वेळीसुद्धा या एका खुणेवरून विलो व पॉप्लर यांतील भेद कळतो.

पाचवी गोष्ट फूल. विलोच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात. वसंत ऋतूत कोवळ्या पानांबरोबरच काडीवर लहान, मऊ, पिवळसर हिरवी कणसे येतात. एकेका कणसात अनेक सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात. नरफुले एका झाडावर, तर मादीफुले दुसऱ्या झाडावर असतात. मादीफुलांपासून होणारे बी अतिशय बारीक असून त्याला कापसासारखे तंतू असतात. त्यांच्या आधाराने ते वाऱ्यावर तरंगत दूर जाते. मात्र या बियांचे आयुष्य फार थोडे. काही दिवसांत ओल मिळाली नाही, तर ते बी रुजत नाही.

या पाच खुणा नीट पाहिल्या, की एक नवल लक्षात येते. हे 'दुःखी' झाड थंड प्रदेशात वसंताच्या आरंभी सर्वांत आधी हिरवे होणाऱ्या झाडांपैकी आहे आणि शरद ऋतू सरताना त्याची पाने सर्वांत उशिरा गळतात! इतर झाडे अजून काळीभोर उभी असताना मजनूच्या काड्यांवर पोपटी छटा उमटलेली असते. मग ते मान का झुकवते? त्याच्या काड्या लांबीने भराभर वाढतात, पण त्या मानाने जाड व ताठ होत नाहीत. म्हणून त्या आपल्याच भाराने खाली येतात. रानातील मूळ झाडाच्या फांद्या इतक्या लोंबतही नसत. लोंबत्या फांद्यांची झाडे चीनमधील माणसांना आवडली आणि त्यांनी तीच निवडून पुन्हा पुन्हा लावली. झाडाने मान झुकवली आणि माणसांनी ती आवडीने तशीच राखली. दुःखाची कल्पना मात्र माणसांची.

काडीचा प्रवास

चीनमध्ये या झाडाचा मान फार जुना आहे. हांगचौ नगरातील पश्चिम सरोवराला एक लांब बांध आहे. सु शि नावाचा कवी त्या नगराचा अधिकारी असताना सरोवरातील गाळ उपसून अकराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला. आजही त्या बांधावर विलो आणि पीच यांच्या रांगा आहेत. चीनमध्ये आणखी एक सुंदर चाल होती. मित्र दूरच्या प्रवासाला निघाला, म्हणजे त्याला निरोप देणारा माणूस विलोची एक डहाळी मोडून त्याच्या हाती देई. चिनी भाषेत विलोला 'ल्यू' म्हणतात आणि 'राहा, थांब' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही जवळजवळ तसाच होतो. तोंडाने 'जाऊ नकोस' म्हणता येत नसे. ते डहाळी सांगे. पण त्या डहाळीत आणखी एक अर्थ लपलेला होता. विलोची डहाळी कोठेही रोवली, तरी जगते. मित्रानेही परमुलखात तशीच मुळे धरावीत!

या गुणामुळेच विलो जगभर गेला. याचे एक प्रसिद्ध उदाहरण सेंट हेलेना बेटावरचे आहे. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याला इंग्रजांनी अटलांटिक महासागरातील या एकाकी बेटावर बंदिवासात ठेवले होते. तेथील एका दरीत गोड्या पाण्याचा झरा होता आणि त्याच्याजवळ विलोची झाडे होती. १८२१ साली नेपोलियन मरण पावला, तेव्हा त्याला तेथेच पुरण्यात आले. त्या काळी लांबच्या सफरीवरील गलबते पाणी घेण्यासाठी या बेटावर थांबत. उतरलेले प्रवासी नेपोलियनची समाधी पाहायला जात आणि आठवण म्हणून विलोची डहाळी मोडून घेत. त्या डहाळ्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांत जाऊन रुजल्या. १८४० साली नेपोलियनचे अवशेष पॅरिसला नेण्यात आले. समाधी रिकामी झाली, पण तिच्यावर छाया धरणाऱ्या झाडांची मुले सातासमुद्रांपार वाढतच राहिली.

कापलेली काडी जगते कशी? आंब्याची काडी अशी नुसती मातीत खोचली तर ती वाळून जाते. विलोच्या काडीत मात्र सालीखाली जागोजागी मुळांचे सूक्ष्म कोंब आधीपासूनच तयार असतात. झाडावर असताना ते निजलेले असतात. काडी तुटून ओल्या मातीत पडली, की ते जागे होतात. नदीला पूर येतो, फांद्या मोडतात आणि वाहून जातात. जेथे गाळात अडकतील तेथे त्या नवे झाड होतात. नदीकाठच्या झाडाने आपत्तीतून शोधलेली ही वाट आहे.

तथापि या सोयीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. एकाच झाडाच्या काड्यांपासून केलेली हजार झाडे म्हणजे ते एकच झाड हजार ठिकाणी उभे आहे, असे समजावे. त्यांचे गुण सारखे, तसे दोषही सारखे. चिनी विलोला दमट हवेत पानांवर व काड्यांवर डाग पाडणारा बुरशीचा एक रोग होतो. एका झाडाला तो बाधला, तर त्याच्या साऱ्या भावंडांना बाधण्याचे भय असते.

लावावा कसा?

विलो लावायला बागेतील मोठी हत्यारे लागत नाहीत. धारदार चाकू, एक काडी आणि ओली जमीन पुरे. मात्र चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

काळ : झाड निजलेले असताना, म्हणजे पाने गळून गेल्यानंतर आणि नव्या कळ्या फुटण्यापूर्वी, काडी घ्यावी. थंड प्रदेशात हिवाळ्याची अखेर त्यासाठी उत्तम.

काडी : गेल्या वर्षी वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड, निरोगी काडी निवडावी. तिचा सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापावा. बुंध्याकडील काप कळीच्या लगेच खाली, आडवा घ्यावा. शेंड्याकडील काप कळीच्या थोडा वर, तिरका घ्यावा. तिरक्या कापावर पाणी साचत नाही आणि काडीचा शेंडा कोणता, हेही विसरायला होत नाही. येथे नवखे लोक हटकून चुकतात. झाडावर काडी खाली लोंबत असते, म्हणून तिचे जमिनीकडचे टोक तेच ते जमिनीत पुरतात! पण ते तर काडीच्या शेंड्याचे टोक. जमिनीत बुंध्याकडचे टोक गेले पाहिजे. शंका वाटली, तर कळ्या पाहाव्या. कळ्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. लावताना ती आकाशाकडे असावीत.

जागा व पाणी : काडीचे दोन तृतीयांश अंग जमिनीत जाईल अशी ती रोवावी आणि माती पायाने हलकेच दाबावी. जागा भरपूर उन्हाची असावी. माती कधी कोरडी पडू देऊ नये. पहिल्या वर्षी रोप वाफ्यातच वाढवावे आणि पुढल्या हिवाळ्यात कायमच्या जागी हलवावे. नंतरचे दोन उन्हाळे तरी भोवती आळे करून पाणी द्यावे.

आधार : स्वभावाप्रमाणे रोपाचा शेंडा लवकरच झुकू लागतो. तो तसाच झुकू दिला, तर झाड जमिनीवर पसरते. म्हणून शेजारी एक सरळ काठी रोवून शेंडा तिला सैल बांधावा आणि वाढेल तसतसा वर बांधत जावा. खालचे फुटवे काढून टाकावे. खोड सुमारे दोन मीटर उंच झाले, म्हणजे बांधणे सोडावे. मग झाड आपल्या मर्जीने झुकू लागते. इतर रोपांना वाढण्यापुरता आधार लागतो. या रोपाला झुकण्यासाठी आधी उभे राहायला शिकवावे लागते.

कोठे लावू नये?

विलोची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर पसरतात. पाण्याच्या नळाला किंवा गटाराला बारीकशी चीर असली, तरी ती तेथून आत शिरतात आणि आतल्या आत जाळे विणून प्रवाह बंद करतात. म्हणून घर, विहीर, नळ यांच्याजवळ हे झाड लावू नये. त्याच्या विस्ताराएवढे, म्हणजे सुमारे १५ मीटर अंतर तरी राखावे. ते भराभर वाढते, पण वडापिंपळासारखे दीर्घायुषी नसते. त्याच्या फांद्याही वादळात मोडतात. तळ्याचा काठ, ओलसर मैदान, मोठी बाग हीच त्याची खरी जागा.

आता एक प्रश्न राहिला. महाराष्ट्रातील मुलांनी काय करावे? आपल्या पठारावरील कडक उन्हाळा आणि कोरडी जमीन मजनूला मानवत नाही. परक्या झाडाला हट्टाने आणून पाण्यावाचून झुरवणे हे काही वृक्षप्रेम नव्हे. पण आपल्या ओढ्याकाठी त्याचाच भाऊ उभा आहे, तो वाळुंज! विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे 'सॅलिक्स टेट्रास्पर्मा' असे नाव ठेवले. त्याच्या फांद्या मजनूसारख्या लोंबत नाहीत, म्हणून कवींनी त्याच्यावर अश्रूंची कल्पना केली नाही. पण पान पाहा : तेच निमुळते टोक, तशीच फिकट खालची बाजू. मऊ कणसेही तशीच. त्याचीही काडी ओल्या जमिनीत मुळे धरते. पावसाळ्यात ओढे फुगून काठ खचू लागतात, तेव्हा वाळुंजाची मुळे ती माती घट्ट धरून ठेवतात. ज्या गावाच्या ओढ्याचे काठ उघडे पडले आहेत, तेथे वाळुंजाची एक रांग लावणे हे दल सरोवराच्या काठी मजनू पाहण्याइतकेच सुंदर काम आहे.

पुढच्या सुटीत ओढ्यावर गेलात, तर वाळुंज शोधा. नाव कोणी सांगितले म्हणून मानू नका. पान उलटून पाहा, कड चाचपून पाहा, कळीवरची टोपी पाहा. खात्री झाली, म्हणजे मोठ्यांना विचारून एक छोटी काडी घ्या आणि घरी पाण्याच्या पेल्यात उभी करा. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत जा. काही दिवसांनी काडीच्या सालीतून पांढरी शुभ्र मुळे डोकावू लागतील. ज्या गोतातील एका झाडाला साऱ्या जगाने दुःखी ठरवले, त्या गोताची तोडलेली काडीसुद्धा जगण्याचा प्रयत्न कसा करते, हे तेव्हा तुमच्या डोळ्यांनी तुम्हांला दिसेल.

स्वाध्याय

१. 'वीपिंग विलो' आणि 'मजनू' ही नावे या झाडाला का पडली?

२. लिनीअसच्या हातून कोणती चूक झाली? ती कशामुळे झाली असावी?

३. खोटा अशोक, बॉटलब्रश व विलो यांच्या पानांतील भेद सांगा.

४. चीनमध्ये निरोपाच्या वेळी विलोची डहाळी देत. तिच्यातून कोणते दोन अर्थ व्यक्त होत?

५. कारणे द्या :
(अ) विलोची काडी मातीत रोवली तरी जगते.
(आ) काडीचा वरचा काप तिरका घेतात.
(इ) विलो घराजवळ लावू नये.

६. 'परक्या झाडाला हट्टाने आणून पाण्यावाचून झुरवणे हे काही वृक्षप्रेम नव्हे.' या विधानाविषयी आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मेळ जमणे, मुळे धरणे, छाया धरणे, ध्यानात ठेवणे.

८. उपक्रम : आपल्या शाळेच्या परिसरातील कोणत्याही एका झाडाचे आकार, पान, काडी, कळी व फूल या पाच खुणांनी वर्णन लिहा. झाडाचे नाव सांगू नका. वर्गमित्रांना ते ओळखू द्या.